तिच्या गावातले दिवस
(दत्तकाची दैनंदिनी : भाग तिसरा)

रविवार, पुणे

आधी खर्चाचं लिहिते. न्यू जर्सीत आमच्या ओळखीची दोन-तीन मराठी जोडपी या वाटेच्या तोंडाशी उभी आहेत आणि सगळी नेमकी तिथेच अडली आहेत.

आम्ही दोघं अमेरिकेचे नागरिक. त्यामुळे पुण्याच्या संस्थेतली मुलगी आमच्या घरी येणं हे कायद्याच्या लेखी आंतरदेशीय दत्तक. दोन देशांची सरकारं, दोन संस्था, दोन्हीकडची फी. भारतातली संस्था परदेशातल्या पालकांकडून ५,००० डॉलर घेते. ही रक्कम नियमाने ठरलेली आहे आणि ती बँकेतूनच भरायची. अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडे ‘आय-८००ए’ हा पालकांच्या पात्रतेचा अर्ज करावा लागतो. आम्ही भरला तेव्हा त्याला ९२० डॉलर पडले. मग मुलीच्या नावाने ‘आय-८००’, त्याला पहिल्या वेळी फी नाही. व्हिसाचे ३२५ डॉलर. हे आकडे छापील आहेत, त्यात धाकधूक नको.

मोठा घास अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त दत्तक संस्थेचं शुल्क घेतं. त्यावर गृहअध्ययन अहवाल, म्हणजे समाजसेविका घरी येऊन आमचं उत्पन्न, तब्येत, नातेसंबंध सगळं तपासून लिहिते तो. मग नोटरी, अपोस्टिल, कुरिअर, विमानाची तिकिटं. आमची बेरीज तीस हजार डॉलरच्या पुढे गेली. दिलासा एवढाच, की दत्तक घेणाऱ्यांना अमेरिकेत आयकरात सूट मिळते, २०२५ सालासाठी १७,२८० डॉलरपर्यंत. पण परदेशातून घेतलेल्या मुलाबाबत दत्तकविधान पूर्ण झाल्यावरच ती मागता येते. तोवर पैसे आपल्याच खिशातून जातात, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक पावती एका फाइलला लावा.

या यादीत न दिसणारा खर्च बिनपगारी रजेचा. १९९३ च्या अमेरिकी कायद्याने दत्तकासाठी बारा आठवडे रजा मिळू शकते, नोकरी शाबूत राहते, पगार मात्र द्यायलाच हवा असं नाही. बहुतेक जण इथेच काटछाट करतात. भारतात आठवड्याभरात उरकायचं, एकानेच जायचं, असा सल्ला आम्हालाही प्रेमाने मिळाला. आम्ही तो ऐकला नाही. नव्या सोफ्यासाठी ठेवलेले पैसे इथल्या मुक्कामात घातले आणि कोथरूडला स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेतली.

सोमवार

आज संस्थेत. तिचं नाव, संस्थेचं नाव, फोटो यातलं काही या लेखमालेत येणार नाही. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने तशी मनाई आहे, आणि कायदा नसता तरी तिची गोष्ट सांगण्याचा अधिकार तिचाच आहे.

ती पाच वर्षांची आहे. आम्हाला तान्हं बाळ का नाही, असं नातेवाईक विचारतात. अर्जाच्या वेळी माझं वय ४४, नवऱ्याचं ४७, बेरीज ९१. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याच्या वयाची बेरीज ८५ पर्यंत चालते, चार वर्षांपर्यंत ९०, त्यापुढे आठ वर्षांपर्यंत १००. पण नियमाची अडचण नसती तरी आम्ही मोठ्या मुलासाठीच नाव दिलं असतं. मोठी मुलं वाट पाहत राहतात, हे संस्थेत पाऊल टाकलं की कळतं.

व्हिडिओ कॉलवर ती आम्हाला ओळखत होती. प्रत्यक्षात मात्र ताईंच्या, म्हणजे समाजसेविकेच्या, पदराआड उभी राहिली. तासभर आम्ही जमिनीवर बसून ठोकळे रचले. तिने एक ठोकळा आणून दिला, नवऱ्याकडे, माझ्याकडे नाही. तेवढं पुरे होतं.

सासूबाईंनी संस्थेतल्या मुलांसाठी कपडे पाठवले होते. ताईंनी ते हसून परत केले. दत्तक घेणाऱ्यांकडून रोख किंवा वस्तुरूपाने देणगी घ्यायला संस्थेला बंदी आहे. ही बंदी मला फार महत्त्वाची वाटते. परदेशी दत्तकाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. त्याचीच याचिका झाली आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींच्या निकालाने नियम घालून दिले. आजचं केंद्रीय प्राधिकरण, ‘कारा’, त्याच वाटेने उभं राहिलं. पैसा आणि मूल यांच्यामध्ये जितक्या भिंती असतील तितक्या हव्यात. कागदपत्रांना कंटाळणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.

मंगळवार

आजचा दिवस पूर्ण मावशींबरोबर. तिला तीन वर्षं ज्यांनी सांभाळलं त्या मावशी. वही घेऊन बसले आणि विचारत गेले.

ती डाव्या कुशीवर झोपते. खोलीत अंधार चालत नाही, पॅसेजचा दिवा लागतो. आजूबाजूच्या पलंगांवर मुलं असतात, त्यामुळे एकटी कधी झोपलेलीच नाही. म्हणजे आमच्या घरी तिच्यासाठी रंगवलेली खोली बरेच महिने रिकामी राहणार. वरण-भात तिला पातळ लागतो, वर तूप. मेतकूट आवडतं. दुधावर साय आली की तोंड फिरवते. आंघोळीचा साबण कोणता, डोक्याला तेल कोणतं, केस विंचरताना कोणतं गाणं म्हणतात, शू लागली की ती कोणत्या शब्दात सांगते, रागावली की कुठे जाऊन बसते. शेवटच्या प्रश्नाला मावशी म्हणाल्या, “जिन्याखाली. पण तिथून ओढून काढू नका हं ताई. जवळ नुसतं बसा, आपोआप येते.”

वैद्यकीय तपासणी अहवालात तिचं वजन, उंची, रक्तगट, लसी, सगळं होतं. बाल अध्ययन अहवालात स्वभावाबद्दल चार ओळी होत्या. जिना त्यात नव्हता.

संस्थेकडे मागायच्या गोष्टी लिहून ठेवते. लहानपणीचे जितके फोटो असतील तितके. लसीकरणाचं मूळ कार्ड. ती रोज पांघरते ती चादर, न धुता. शक्य असेल तर तिचं ताट-वाटी. तिच्या पलंगाचा, खिडकीचा, फाटकाचा फोटो आपण काढायचा. मोठेपणी ती स्वतःच्या मुळांचा शोध घ्यायला निघेल तेव्हा नियमानुसार संस्थेकडून तिला मदत मिळू शकेल. पण मावशींची आठवण कोणत्याही कपाटात नसते, ती आजच लिहून घ्यायला हवी.

शुक्रवारी ती आमच्याबरोबर घरी येणार. निघताना मावशी मला म्हणाल्या, “मी शुक्रवारी रजा घेणारे. मला बघवणार नाही.” मी त्यांना थांबायची विनंती केली. मुलीला निरोप मिळायला हवा. माणसं न सांगता नाहीशी होतात, हा अनुभव तिने एकदा घेतला आहे.

बुधवार

पासपोर्ट. मुंढव्याच्या सेवा केंद्रात सकाळची वेळ मिळाली होती. मुलांच्या पासपोर्टची फी १,००० रुपये, तत्काळला आणखी २,०००. ती चार वर्षांच्या वरची म्हणून फोटो तिथेच काढला. पहिल्यांदाच तिने माझा हात धरला, कॅमेऱ्याच्या भीतीने.

कागदांचा क्रम ध्यानात ठेवा, कारण एक अडला की पुढचे सगळे अडतात. ‘कारा’चं ना-हरकत प्रमाणपत्र, मग दत्तक आदेश. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आम्ही येण्याआधीच तो झाला होता. त्यानंतर आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या हेग कराराच्या कलम २३ प्रमाणे अनुरूपता प्रमाणपत्र, आमची नावं असलेला जन्मदाखला, मग पासपोर्ट. प्रत्येक कागदावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे काउंटर सोडायच्या आधी तपासा.

शुक्रवार

मावशी आल्या. त्यांनीच तिची वेणी घातली आणि तिला सांगितलं की आता तू आई-बाबांच्या घरी राहणार, मी इथेच असणार, आणि आई फोन लावून देईल. खोटं काही सांगितलं नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. रिक्षात बसल्यावर ती रडली, मोठ्याने, बराच वेळ. आम्ही गप्प केलं नाही. घरी पातळ वरण केलं. ती जेवली नाही. रात्री उशिरा पॅसेजचा दिवा लावून आम्ही तिघं एकाच गादीवर झोपलो.

पुढचे काही दिवस, पुणे

रोजची दैनंदिनी इथे थांबवली, कारण आमच्या दिवसांना घटनाच नव्हत्या. संभाजी बागेत झोपाळा. तुळशीबागेत बांगड्या. पाहुण्यांना येऊ दिलं नाही. आजी-आजोबा तेवढे आले, तेही तासाभरासाठी. पासपोर्टची वाट पाहणं एरवी डोक्याला ताप झालं असतं, आम्हाला ते मिळालेलं दान वाटलं. विमान, बर्फ, इंग्रजी हे सगळं एकदम अंगावर येण्याआधी तिला आम्ही दोघं तिच्याच गावात, तिच्याच भाषेत मिळालो. याच दिवसांत एकदा ती टेबलाखाली जाऊन बसली. मी जवळ बसले. वीस मिनिटांनी आली.

सोमवार, दिल्ली

दत्तक मुलांचा अमेरिकी व्हिसा दिल्लीच्या दूतावासातूनच होतो. त्याआधी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी. दोन वर्षांच्या वरच्या मुलांची क्षयरोगासाठी रक्ततपासणी होते. तिचा निकाल यायला वेळ लागतो, म्हणून तपासणी आणि मुलाखत यांच्यात मोकळे दिवस ठेवा आणि परतीचं तिकीट बदलता येणारंच घ्या. तिथे पैसे वाचवू नका. दहा वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलांना राहिलेल्या लसी अमेरिकेत गेल्यावर देण्याची मुभा प्रतिज्ञापत्रावर मिळते. एकाच दिवशी चार सुया टोचून घ्यायची गरज नाही.

शुक्रवार, दिल्ली

पासपोर्ट हातात आला, आत ‘आयएच-३’ व्हिसा. या व्हिसावर ती आमच्यासोबत राहायला अमेरिकेच्या जमिनीवर उतरली की २००० सालच्या बाल नागरिकत्व कायद्याने आपोआप नागरिक होईल, आणि प्रमाणपत्र टपालाने घरी येईल. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करून तिचं ओसीआय कार्ड करायचं. हेही विसरू नये, कारण सुट्टीत पुण्याला यायचं आहे.

संस्थेला आणि ‘कारा’ला द्यायचे अहवाल पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. समाजसेविकेची पहिली भेट ठरवून टाकली आहे. विमानाच्या पिशवीत चादर, मेतकुटाची बरणी, कोरडा खाऊ, दोन जोड कपडे, आणि वेगळ्या पाकिटात आदेशाच्या प्रती. उद्या रात्री मावशींना व्हिडिओ कॉल, मग विमानतळ. पुढचा भाग एडिसनहून लिहीन. त्यात बालरोगतज्ज्ञ, शाळेतला प्रवेश आणि घरात मराठीच ठेवावी की इंग्रजी सुरू करावी, याबद्दल.