जादूगार, मांत्रिक आणि साधक

तीन अगदी निरनिराळ्या माणसांना आपण एकच शब्द लावतो. रंगमंचावर रिकाम्या टोपीतून कबुतर काढणाऱ्याला आपण जादूगार म्हणतो. उतारा काढून दक्षिणा घेणाऱ्या भगतालाही 'जादू येते' असे म्हणतो. आणि एखाद्या संताच्या हातून काही अलौकिक घडल्याचे ऐकले की त्याच्याभोवतीही तोच शब्द घोटाळू लागतो. ही गल्लत आजची नाही. तिने इतिहासात पुष्कळांचा बळी घेतला आहे. ती सोडवण्याची एक साधी खूण आम्हांला एका संताच्या चरित्रात सापडली. ती वाचकांपुढे ठेवावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'जादू' हा शब्द आपल्याकडे फारशीतून आला. पाश्चात्त्य भाषांतील 'मॅजिक' हा शब्दही मूळचा इराणकडचाच. प्राचीन इराणातील 'मागी' नावाच्या पुरोहितवर्गावरून तो ग्रीक व लॅटिन भाषांत गेला. हे मागी आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत. संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील ताऱ्याच्या मागोमाग आलेले प्रवासी तेच, आणि दर नाताळात आपण त्यांना गव्हाणीपाशी उंटांसह उभे करतो. ज्यांच्या नावावरून जादूला नाव मिळाले, ते लोक सोने, ऊद व गंधरस बालकापुढे ठेवून रिकाम्या हातांनी परत गेले.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात ह्याच्या अगदी उलट चित्र आहे. शोमरोनात शिमोन नावाचा एक जादूगार होता. त्याने बराच काळ लोकांना थक्क करून सोडले होते. पुढे त्याने बाप्तिस्माही घेतला. परंतु पेत्र आणि योहान ह्यांनी हात ठेवताच लोकांना पवित्र आत्मा मिळतो, हे पाहून त्याने पैसे पुढे केले आणि हा अधिकार आपल्यालाही मिळावा अशी मागणी केली. पेत्राने त्याची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. पवित्र गोष्टींच्या खरेदी-विक्रीच्या पापाला ह्याच शिमोनावरून 'सिमनी' असे नाव पडले. शिमोनाला देवाची ओढ नव्हती. देवाचे सामर्थ्य आपल्या मुठीत यावे, एवढीच त्याची इच्छा होती. आमच्या मते मांत्रिकाची ह्याहून नेमकी व्याख्या करता येणार नाही.

हातचलाखीचा खेळ करणारा जादूगार मात्र ह्या वर्गातला नव्हे. त्याचा धंदा फार जुना आणि बहुतांशी निष्पाप आहे. पालथ्या वाट्या आणि त्यांखालून नाहीशा होणाऱ्या गोळ्या हा खेळ रोमन लोकांनाही ठाऊक होता. सेनेका ह्या तत्त्वज्ञाने पहिल्या शतकात आपल्या एका पत्रात त्याचा उल्लेख केला आहे. ही फसवणूक कोणाचे नुकसान करीत नाही, उलट फसण्यातच आपल्याला मौज वाटते, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे. आपल्या बाजारांत आणि जत्रांत गारुडी हाच खेळ पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. पुढे जादूगार रघुवीर ह्यांच्यासारख्या कलावंताने ही विद्या महाराष्ट्राच्या नाट्यगृहांत प्रतिष्ठेने मांडली. त्यांच्या प्रयोगाहून घरी परतताना 'कसे केले असेल?' हा प्रश्न मुलांच्या मनात असे, भीती नसे.

पण ज्या समाजात भीती आधीच मुरलेली असते, तेथे साध्या हातचलाखीवरही सैतानाचा शिक्का बसू शकतो. सोळाव्या व सतराव्या शतकांत युरोपात चेटकिणींवरील खटल्यांचे थैमान चालू होते. त्या काळात, १५८४ साली, केंट परगण्यातील रेजिनल्ड स्कॉट ह्याने एक जाडजूड ग्रंथ लिहून चेटकिणींच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या गोष्टींचा फोलपणा दाखवला. त्यातच त्याने बाजारी जादूगारांच्या युक्त्या आकृत्यांसह उलगडून सांगितल्या. शीर तबकात ठेवलेले आणि धड बाजूला पडलेले, अशा एका खेळाला तेव्हा 'बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद' असे नाव होते. मेजाला पाडलेली भोके आणि दोन मुले एवढेच त्याचे रहस्य, हे त्याने स्पष्ट केले. स्कॉट हा कॅथलिकांचा टीकाकार होता. तथापि सत्य सांगितल्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

आपल्या ख्रिस्तसभेतूनही तसाच, किंबहुना अधिक धोका पत्करणारा आवाज उठला. फ्रीड्रिख श्पे ह्या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी चेटकीण ठरवलेल्या कित्येक स्त्रियांना मृत्यूच्या दारापर्यंत सोबत केली होती. त्या निर्दोष आहेत, अशी त्यांची खात्री झाली. १६३१ साली त्यांचा 'काउत्सिओ क्रिमिनालिस' हा लॅटिन ग्रंथ लेखकाचे नाव न छापता प्रसिद्ध झाला. छळ केला तर कोणीही काहीही कबूल करील, आणि ज्यांचा छळ झाला नाही तेवढेच काय ते आजवर चेटके ठरले नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. चेटकीण कोठून येते, ह्याचे उत्तर त्यांना छळघरात सापडले होते. १६३५ साली ट्रियर येथे रोगग्रस्त सैनिकांची शुश्रूषा करताना हा मनुष्य स्वतःच त्या साथीला बळी पडला.

हे सारे परमुलखातील आणि जुन्या काळातील आहे, असे म्हणण्याची सोय आम्हांला नाही. आमच्या लहानपणी आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध विधवा एकटीच राहत असे. कोणाचे वासरू दगावले, कोणाच्या मुलाला ताप भरला, की तिच्या नजरेकडे बोट दाखवले जाई. लोक रविवारी मिस्साला येत, ख्रिस्तशरीर स्वीकारीत, आणि परतताना तिच्या अंगणावरून मुलांना हात धरून भरभर पुढे नेत. आमची आजी मात्र तिच्याकडचे ताक आणायला मुद्दाम आम्हांलाच पाठवी. त्या वेळच्या धर्मगुरूंनी ह्या विषयावर प्रवचन दिल्याचे आम्हांला आठवत नाही. एका रविवारी मिस्सानंतर ते सर्वांच्या देखत चालत तिच्या घरी गेले आणि ओट्यावर बसून चहा प्याले. त्याचा परिणाम झाला, पण अर्धामुर्धा. उघड बोलणे थांबले. तिन्हीसांजेला मीठ-मिरच्या ओवाळणे थांबले नाही. पुढे ती वारली तेव्हा सारा गाव लोटला. जिवंतपणी जो उंबरठा कोणी ओलांडला नव्हता, त्यावर त्या दिवशी चपला ठेवायला जागा नव्हती.

म्हणूनच २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा आम्हांला त्या वृद्धेची आठवण झाली. ह्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला व डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. एखाद्या व्यक्तीला चेटूक करणारी ठरवून तिचे जगणे असह्य करणे, अथवा साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे, हे आता गुन्हे आहेत. प्रार्थनेला किंवा उपासनेला त्यात मनाई नाही.

मांत्रिकाची दुसरी शिकार म्हणजे दुःखी माणूस. १८४८ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील फॉक्स भगिनींच्या घरात टकटक ऐकू येऊ लागली, आणि मृतात्मे बोलतात ह्या समजुतीची लाट जगभर पसरली. चाळीस वर्षांनी, १८८८ साली, त्यांपैकी मार्गारेट हिने आपण पायाच्या बोटांचे सांधे वाजवीत होतो, अशी जाहीर कबुली दिली. वर्षभरात तिने ती मागेही घेतली. परंतु कबुलीने जे थांबले नाही, ते माघारीने काय वाढणार?

विख्यात जादूगार हूडिनी हा एका यहुदी धर्मगुरूचा मुलगा. १९१३ साली त्याची आई वारली आणि तो पार खचून गेला. जून १९२२ मध्ये शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल ह्यांच्या पत्नीने त्याच्यासमोर बसून, त्याच्या आईचा संदेश म्हणून पानेच्या पाने लिहून काढली. पहिल्या पानाच्या माथ्यावर क्रूस काढलेला होता आणि मजकूर होता अस्खलित इंग्रजीत. ज्या यहुदी मातेला इंग्रजी धड येत नव्हते, तिचा हा संदेश! डॉयल दांपत्य लबाड होते असे नव्हे. त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता. हूडिनीने मात्र पुढील आयुष्याचा मोठा भाग भोंदू माध्यमांचे डाव उघडे पाडण्यात घालवला. मातृशोकाने व्याकूळ झालेल्या माणसाने खोट्या सांत्वनाला दिलेला नकार आम्हांला पूज्य वाटतो.

आता त्या संताकडे वळू. जगातील अनेक कॅथलिक जादूगार संत जॉन बॉस्को ह्यांना आपले आश्रयदाते मानतात. १८१५ साली इटलीतील बेक्की ह्या खेड्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जत्रेतले जादूगार व डोंबारी ह्यांचे हात बारकाईने न्याहाळून त्यांनी लहानपणीच त्यांच्या युक्त्या उचलल्या. रविवारी शेजारीपाजारी जमत. दोन झाडांना दोर बांधून त्यावर चालणे, लोकांच्या नाकाच्या शेंड्यावरून नाणी काढणे, पाण्याचा द्राक्षारस करणे, असे खेळ हा पोरगा करी. अट एकच असे: आधी सर्वांनी जपमाळ म्हणायची आणि सकाळचे प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायचे. काना गावचा चमत्कार अंगणात नकला होऊनही कोणाला त्यात धर्मनिंदा दिसली नाही, कारण हा खेळ आहे हे करणाऱ्याला ठाऊक होते आणि पाहणाऱ्यालाही.

पुढे किएरी गावी शिकत असताना मात्र प्रकरण अंगाशी आले. ते ज्याच्या घरी राहत, तो कुमिनो नावाचा भाविक शिंपी होता. एके दिवशी त्याने शिजवलेल्या कोंबडीच्या भांड्याचे झाकण उघडले, तो आतून जिवंत कोंबडा फडफडत बाहेर पडला. बिचाऱ्याला हे सैतानी कृत्य वाटले आणि तक्रार कॅथेड्रलमधील कॅनन बुर्झिओ ह्यांच्याकडे गेली. त्यांनी जॉनला बोलावून गंभीरपणे चौकशी आरंभली. जॉनने उत्तरासाठी पाच मिनिटे मागितली आणि किती वाजले, असे विचारले. कॅननांनी खिशात हात घातला, घड्याळ नव्हते. मग त्याने एक नाणे मागितले, बटवाही नव्हता. कॅनन संतापले. तेव्हा जॉनने मेजावरील दिव्याचे झाकण उचलले. त्याखाली घड्याळ आणि बटवा दोन्ही होते. भिक्षेकऱ्याला दान देऊन झाल्यावर आपण बटवा कोठे ठेवलात, घड्याळ कोठे विसरलात, आणि मी ते केव्हा उचलले, हे त्याने क्रमाने सांगितले. कॅनन मनसोक्त हसले आणि त्यांनी त्याला छोटीशी भेट देऊन निरोप दिला.

आमची खूण ती हीच. प्रश्न येताच ज्याला दिव्याचे झाकण उचलता येते आणि जो ते उचलतो, तो जादूगार. मांत्रिक झाकण कधीच उचलत नाही. प्रश्न विचारणाऱ्यालाच तो कोपाची भीती घालतो. १८३५ साली सेमिनरीचा झगा अंगावर चढवताना बॉस्को ह्यांनी हे खेळ सोडण्याचा निश्चयही केला. लोकांचे विस्मित डोळे स्वतःकडे वळवण्याची ताकद हाती असताना ती खाली ठेवणे सोपे नसते.

तिसरा माणूस, म्हणजे साधक, ह्याची गोष्ट आणखी निराळी. त्याच्याजवळ झाकणही नसते आणि घड्याळही नसते. जे घडते ते त्याचे नसते. आविलाची संत तेरेसा प्रार्थनेत असताना तिचे शरीर जमिनीवरून उचलले जाई, असे तिने आत्मचरित्रात नमूद केले आहे. ह्या प्रकाराने तिला संकोच वाटे. ती भगिनींना आपल्याला धरून ठेवायला सांगे, आणि लोकांना दिसतील अशी कृपादाने नकोत, म्हणून देवाची विनवणी करी. १५७७ साली लिहिलेल्या 'अंतर्यामीचा किल्ला' ह्या ग्रंथात, देवावरील प्रेमाची खात्रीची परीक्षा शेजाऱ्यावरील प्रेमात आहे, असे ती बजावते. आपल्या मराठी मातीलाही हा विवेक नवा नाही. वाघावर बसून आलेले योगसिद्ध चांगदेव कोवळ्या ज्ञानेश्वरांपुढे नमले, ही कथा लेकराबाळांना ठाऊक असते. पतंजलीनेही सिद्धींना समाधीच्या मार्गातील अडथळेच म्हटले आहे.

आता प्रश्न आपला. चर्चच्या बाकांवर कधी कधी एखादी छापील प्रार्थना सापडते: इतके दिवस म्हणा, इतक्या प्रती वाटा, हमखास गुण येतो, साखळी तोडाल तर अनिष्ट घडेल. आता तीच मोबाईलवरून फिरते. शब्द संताचे असले तरी बोलणारा मांत्रिकच असतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेली कॅथलिक धर्मशिक्षा सर्व प्रकारची जादूविद्या निषिद्ध ठरवतेच. शिवाय अंतःकरणाची तयारी न ठेवता केवळ बाह्य कृतीतच प्रार्थनेचे वा संस्काराचे फळ आहे असे मानणे, ह्यालाही ती अंधश्रद्धा म्हणते. आजारी मुलाच्या आईने घाबरून अशी चिठ्ठी वाटली तर तिला दोष देण्याचे धैर्य आम्हांला नाही. दोष आहे तो तिच्या भीतीवर आपला अधिकार चालवणाऱ्याचा. तिला दवाखान्यापर्यंत सोबत करणे आणि रात्री तिच्याजवळ बसून जपमाळ म्हणणे, ही दोन्ही कामे धर्मग्रामाचीच आहेत.

हेरोदालाही येशूच्या हातून एखादा चमत्कार पाहायचा होता. संत लूक सांगतो, की हेरोदाने पुष्कळ प्रश्न विचारले आणि येशूने त्याला काहीच उत्तर दिले नाही. तोच येशू वाटेवरच्या आंधळ्याची हाक ऐकून थांबला, आणि 'तुझी काय इच्छा आहे?' असे त्याने त्यालाच विचारले.