कोलंबोमार्गे अंबरनाथ

3 डिसेंबर 1952 च्या बुधवारी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तेव्हा अंबरनाथच्या आगपेटी कारखान्यातून सुटून घरी आलेल्या कामगाराला किंवा फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत येऊन राहिलेल्या सिंधी कुटुंबाला निवेदक अमीन सयानी कोलंबोहून बोलत आहेत असे वाटणे साहजिकच होते. वस्तुतः ते बोलत मुंबईत, अंबरनाथपासून लोकलच्या वाटेवर, आणि तेही आधीच. बोललेले फितीवर उतरवले जाई, फीत विमानाने सिलोनला जाई, आणि तेथून तो आवाज लघुलहरींवरून, म्हणजे आयनांबरावर आपटून दूरदेशी उतरणाऱ्या रेडिओलहरींवरून, पुन्हा मुंबईच्या दारात येई. एवढा वळसा घेण्याचे कारण तांत्रिक नव्हते: माहिती व नभोवाणी खाते सांभाळणाऱ्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली होती आणि जाहिरातींना तेथे जागाच नव्हती. केसकरांची शास्त्रीय संगीतावरची निष्ठा खरी होती, पण श्रोत्यांचा कान हुकमाने वळत नाही हे त्यांना उमगले नाही.

हा प्रवास साधला तो फितीमुळे. त्यापूर्वी अमेरिकेत कार्यक्रम साठवण्यासाठी लाखेसारख्या लेपाच्या 16 इंची तबकड्या वापरत. एका बाजूवर सुमारे पंधरा मिनिटे मावत, आणि निवेदक अडखळला की बहुधा तबकडीच बदलावी लागे. जर्मनीत विकसित झालेले चुंबकीय तंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पोचले आणि 1947 पासून गायक बिंग क्रॉस्बी यांचा साप्ताहिक कार्यक्रम फितीवर तयार होऊ लागला. फीत म्हणजे पाव इंच रुंदीची प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर लोहऑक्साइडचा तांबूस लेप. ती यंत्रातून सरकताना पहिले हेड जुने पुसते, दुसरे नवे मुद्रित करते, तिसरे ते वाचून ऐकवते. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने 1200 फुटांचे स्पूल 32 मिनिटे चाले, म्हणजे अर्ध्या तासाचा कार्यक्रम त्यात मावून थोडी फीत उरे.

खरे कसब मात्र संपादनात होते. नको असलेला खोकला काढायचा तर संपादक दोन्ही स्पूल हातांनी मागेपुढे फिरवी, हेडवरून हळू सरकणाऱ्या फितीतून माणसाचा आवाज घोगऱ्या गुरगुरीसारखा निघे, त्या गुरगुरीत श्वास कोठे सुरू होतो ते कानाने हेरून तेथे पेन्सिलची खूण होई, आणि मग ब्लेडने तिरका छेद. छेद तिरका, कारण सरळ कापलेल्या सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येण्याची भीती असे. मागून चिकटपट्टी लावली की श्रोत्याला खोकल्याचा पत्ताही लागत नसे.

हीच फीत विस्मरणाचेही साधन ठरली, कारण ती महाग होती, आणि प्रसारण झाले की पुसून पुन्हा वापरण्याचा रिवाज जगभरच्या नभोवाणी केंद्रांत होता. त्या काळी फितीकडे कोठार म्हणून नव्हे, वाहन म्हणून पाहिले जाई. मराठीपुरते बोलायचे तर 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’ची 56 गीते माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा अनेकांनी गायली होती, पुढे घरोघरी पोचली ती सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातली ध्वनिमुद्रिका, आणि आजच्या बहुतेक श्रोत्यांच्या कानांत तेवढीच आहे.

अंबरनाथ, उल्हासनगर किंवा बदलापूरच्या एखाद्या जुन्या घरात, माळ्यावर, तांबूस फितीचे स्पूल सापडले तर ते भंगारात देऊ नये आणि हाती लागेल त्या यंत्रावर लावूनही पाहू नये. जुन्या फितीचा लेप हेडला चिकटून कायमचा निघून येऊ शकतो. ते थंड, कोरड्या जागी उभे ठेवावे आणि आधी जाणकाराला दाखवावे.