मोकळा हात

काठीची मारामारी पडद्यावर सुरू झाली की नजर काठीवर जाते. माझी हल्ली दुसऱ्या हातावर जाते. फिलिपिन्सच्या आर्निसमध्ये, म्हणजेच एस्क्रिमामध्ये, एका हातात वेताची काठी असली की दुसरा हात रिकामा. पण तो स्वस्थ बसत नाही. समोरच्याचं मनगट थोपवतो, कोपर दाबतो, संधी मिळाली तर काठी हिसकावून घेतो.

हा हात नीट बघायला मिळतो तो स्वस्तातल्या सिनेमांत. १९८६ च्या ‘स्टिक्स ऑफ डेथ’चा नायक रोलंड दांतेस शरीरसौष्ठवपटू होता आणि आर्निस त्याला खरोखर येत होतं. अशा सिनेमांकडे पैसा नसतो. कॅमेरा लांब उभा राहतो, माणसं नखशिखांत दिसतात, आणि ज्याला येत नाही तो लगेच उघडा पडतो. मोठ्या सिनेमांत काठी एका शॉटमध्ये उगारली जाते, लागते दुसऱ्यात. मधलं सगळं कात्रीखाली जातं. मला तर गरिबांचे सिनेमेच आवडतात.

ही विद्या ब्रूस लीच्या सिनेमात नेणारे डॅन इनोसांटो कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनचे. १९२० नंतर हजारो फिलिपिनो तरुण त्या भागात शेतमजुरीला आले. अ‍ॅस्परॅगस, आपल्या शतावरीचं भावंड, दिवसभर कमरेत वाकून कापायचं. बरोबर बायका जवळजवळ नव्हत्याच. त्यात १९३३ मध्ये राज्याने फिलिपिनो आणि गोरे यांच्या लग्नाला कायद्याने मनाई केली. ती १९४८ पर्यंत टिकली. कित्येक जण एकटेच म्हातारे झाले. स्टॉक्टनच्या फिलिपिनो वस्तीत त्यांना ‘मनोंग’ म्हणत, थोरले भाऊ. लेकरंबाळं नाहीत, जमीन नाही. गावाकडून आणलेली विद्या मात्र हातात होती, आणि तीही ते सहसा परक्यांना दाखवत नसत. त्यांच्यातल्याच अँजेल काबालेस यांनी १९६६ मध्ये स्टॉक्टनमध्ये सर्वांना खुली असलेली एस्क्रिमाची शाळा काढली. त्यांची काठी आखूड, लढाई अगदी अंगालगत, आणि मोकळा हात सतत कामात. पुढे महामार्गासाठी त्या वस्तीचा मोठा भाग पाडला गेला. अशा माणसांच्या आयुष्यावर सहसा कुणी सिनेमा काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इनोसांटो या मनोंगांकडे शिकले आणि १९७२ मध्ये ‘गेम ऑफ डेथ’साठी दोन्ही हातांत काठ्या घेऊन ब्रूस लीसमोर उभे राहिले. लीच्या हातात बांबूची बारीक, लवलवती छडी. इनोसांटोंच्या काठ्यांचा ताल ऐका. पडद्यावर हरणारा तो माणूस शेतमजुरांच्या पिढीची विद्या घेऊन आला आहे. सिनेमा पुरा होण्याआधीच, जुलै १९७३ मध्ये, ली गेला. १९७८ मध्ये त्याच्यासारखे दिसणारे नट घेऊन उरलेली कथा जोडली गेली. ती जोडणी मला बघवत नाही. तुम्ही ली आणि इनोसांटो यांची लढत तेवढी बघा. बाकीचा सिनेमा सोडलात तरी चालेल.