नवलकोलाच्या काचऱ्या

गेल्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर रक्तातल्या साखरेच्या तपासणीत माझं एचबीएवनसी ७.९ आलं. डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला, ते मी निमूट ऐकून घेतलं. बटाट्याचं नाव काढल्यावर मात्र पोटात गोळा आला. आमच्याकडे घरात भाजी नसली की बटाटा, पाहुणे आले की बटाटा, आणि प्रवासाला निघालं की पोळी-काचऱ्यांचा डबा ठरलेला.

शंभर ग्रॅम बटाट्यात साधारण १७ ग्रॅम कर्बोदकं, फ्लॉवरमध्ये ५, नवलकोलात ६, मुळ्यात त्याहून कमी. हे आकडे फ्रिजवर चिकटवले आणि त्याच भरात पहिल्या रविवारी फ्लॉवरचे वडे करायला घेतले.

फ्लॉवर कुकरला लावून तीन शिट्ट्या काढल्या. बटाट्याची सवय, दुसरं काय! कुस्करून आलं-मिरची-लसणाचं वाटण घातलं, वर हळदीची फोडणी ओतली. मीठ पडलं मात्र, पातेल्यात पाणी सुटायला लागलं. गोळा वळावा तर तळहातावर बसकण मारायचा. तरी रेटून बेसनात बुडवले. तिसरा वडा कढईत फुटला आणि तेल थेट टाइल्सवर उडालं.

आई आवाज ऐकून आली. कढईत डोकावून म्हणाली, "अरे, बटाटा पिठूळ असतो, तो धरून ठेवतो. ह्यात कोण कोणाला धरणार?"

स्टार्चचं शास्त्र याहून सोपं करून मला कोणी सांगितलेलं नाही. पुढच्या खेपेला फ्लॉवर नुसता वाफवला, पंचात घालून पिळला, तर वाटीभर पाणी निघालं. मग कोरड्या कढईत परतून चमचाभर भाजलेलं बेसन घातलं. वडे टिकले. वरच्या बेसनाचा आणि तळणीच्या तेलाचा हिशेब मी मांडलेला नाही, आणि डॉक्टरांनाही सांगितलेला नाही.

एकादशीला आई प्रेमानं रताळं पुढे करायची. "हा काही बटाटा नव्हे," म्हणून. रताळ्यात कर्बोदकं बटाट्याहून कमी नाहीतच, उलट थोडी जास्त. शिवाय पोर्तुगीजांबरोबर आलेला, नावसुद्धा त्यांचंच लावणारा हा बटाटा आपल्या उपवासाला चालायला कधी लागला, हे मी तिला विचारलं. उत्तर मिळालं नाही. रताळं मात्र ताटात आलंच.

खरा हाती लागला तो नवलकोल. साल जाड काढायची, नाहीतर दोरे दातात अडकतात. चकत्या पातळ, लोखंडी तव्यावर मोहरी-हिंग-हळद, आणि झाकण अजिबात ठेवायचं नाही. वाफ कोंडली की भाजीचा गिचका होतो. मीठसुद्धा अगदी शेवटी. कडा तांबूस होऊन कुरकुरल्या की तिखट आणि दाण्याचं कूट. बटाट्याची चव येत नाही. पण गरम पोळीबरोबर मी ह्या काचऱ्या दोनदा मागून घेतो.

डब्यात मात्र नेऊ नयेत. दिवाळीत पुण्याहून कोल्हापूरला जाताना कराडच्या पुढे डबा उघडला. नवलकोल शेवटी कोबीच्याच कुळातला. शेजारच्या काकांनी माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि एसटीची खिडकी पूर्ण मागे सारली.