माझा गुडघा, मायचे गुडघे

आवाज मला स्पष्ट आला होता. वाळलेली काडी मोडावी तसा, पण आतून. नोव्हेंबरची संध्याकाळ होती, गावातल्या मैदानावर कबड्डीचा सामना रंगला होता. चढाईवरून परत फिरताना माझा उजवा पाय मातीत रुतून राहिला आणि वरचं शरीर वळलं. मला कोणी धरलंही नव्हतं. मी नुसता खाली बसलो.

आमचं गाव इंझोरी, वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं. इथं पहाटे पाचला रस्त्यावर आलात तर पळणारी पोरं दिसतील. सगळ्यांच्या डोक्यात पोलीस भरती. मैदानी चाचणीचे 50 गुण, त्यातले 20 सोळाशे मीटरचे. माझं सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलं होतं. अजून थोडे सेकंद कमी करायचे होते, बस्स.

दोन तासांत गुडघा टम्म फुगला. बाबा म्हणाले, "मोडलं नाही ना? मंग लचकलं असन." दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. हाड ठीक निघालं आणि घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग एका काकांकडे जाऊन तीनदा गुडघा चोळून घेतला. कोमट तेल, अंगठ्याचा जोर, डोळ्यांत पाणी.

आता जे कळलंय ते तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. वळताना 'कट्' आवाज, काही तासांत मोठी सूज आणि नंतर चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटणं, ही तीन लक्षणं एकत्र आली की एसीएल तुटल्याची शंका घ्यायलाच हवी. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत तिरका बांधलेला दोर. नडगीचं हाड पुढं सरकू नये, गुडघा नको तसा वळू नये, हे त्याचं काम. सूज लवकर येते ती आत रक्त साचल्यामुळे. अशा ताज्या दुखापतीला बर्फाचा शेक, घट्ट पट्टी, पाय उंच ठेवून आराम. चोळणं तर नाहीच.

सहा आठवड्यांत सूज उतरली. मला वाटलं, झालं बरं. जानेवारीत एका पहाटे पोरांबरोबर पळायला निघालो. सरळ रस्त्यावर काही जाणवलं नाही. खड्डा चुकवायला वळलो आणि गुडघा पुन्हा निसटला.

यावेळी अकोला गाठलं. डॉक्टरांनी गुडघा थोडा वाकवून नडगी पुढं ओढली आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं, एसीएल गेलंय. एमआरआयनं ते पक्कं केलं, वर एक भर घातली: मेनिस्कसही फाटलंय. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी गादी. दोर तुटलेल्या गुडघ्यावर वळत-पळत राहिलं की ती अशी चिरडते. म्हणजे पहिली दुखापत नशिबाची असेल, दुसरीत मात्र माझा हात असू शकतो.

प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. ज्यांना वळणं-उड्या मारणं फारसं करायचं नसतं, त्यातल्या बऱ्याच जणांचं व्यायामावर भागतं. माझा गुडघा पुन्हा पुन्हा निसटत होता आणि मेनिस्कसही शिवायचं होतं. फेब्रुवारीत तूर विकली आणि ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून. मांडीच्या मागच्या स्नायूची शीर काढून तिचा नवा दोर बसवला. त्या वर्षीची भरती माझ्याशिवाय झाली.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

तपासणीला माय सोबत आली होती. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी माझी मांडी टेपनं मोजली. उजवी चांगलीच बारीक झाली होती. मग माय बाकावरून उठली. आधी भिंतीला हात, मग गुडघ्यावर हात, मग तोंडातून "आई गं". मॅडमनी टेप खाली ठेवली.

"किती वर्षं दुखतात?"

"मले काई नाई, पोराचं पाहा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला सांगता आलं नाही. माझ्या सोळाशे मीटरचे सेकंद मला पाठ होते.

"आठ वर्षं झाली," माय म्हणाली.

आठ वर्षं ती वाकून सोयाबीन सोंगत होती, दोन पायांवर बसून निंदत होती. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणायला मलाच पाठवायची. त्या रोज रोज घेतल्या तर पोटाला, मूत्रपिंडाला धोका असतो, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या एमआरआयच्या पैशात तिचे कितीतरी एक्स-रे निघाले असते. तरुण पोराचा गुडघा दुखला की लचकला, बाईचा दुखला की वय झालं. दोन्ही वेळा डॉक्टर लांबच.

एक्स-रेत दिसलं, दोन्ही गुडघ्यांतली फट आतल्या बाजूनं कमी झालीय. संधिवाताचा झिजेचा प्रकार. माय घाबरली. "आता मले वाजपेयीसारखा गुडघा बसवा लागन काय?"

2000 साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान वाजपेयींच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं, तेव्हा गुडघा बदलता येतो हे गावोगाव कळलं. मायच्या ते लक्षात होतं. 2017 मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत 54,720 रुपये अधिक जीएसटी ठरली. पण तो शेवटचा उपाय. आधी मांडीची ताकद, वजन, आणि उकिडवं बसणं कमी. एक किलो वजन घटलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो.

गंमत म्हणजे पहिला व्यायाम आम्हा दोघांचा एकच निघाला. पाय सरळ करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबून मांडी आवळायची, दहा मोजायचे, सोडायचं. एकाचा दोर तुटलेला, एकीची गादी झिजलेली, पण सांभाळणारी मांडी तीच.

"ह्यानं काय होते?" पहिले आठ दिवस ती विचारायची. आता संध्याकाळी ओसरीत टॉवेल घेऊन तीच आधी बसते. संडासात खुर्चीचा कमोड आणला. निंदताना ठेंगणा पाट नेते. बाया हसल्या, मग दोघींनी तसाच पाट मागितला. गुडघे बरे झालेत असं नाही. सोंगणीच्या दिवसांत दुखलेच. पण गोळी रोज लागत नाही.

मला आता नववा महिना सुरू आहे. नऊ महिन्यांच्या आधी खेळात परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जायची शक्यता बरीच जास्त, म्हणून कबड्डी अजून बंद. एका पायावर उडी मारायची चाचणी झाली की मग ठरेल. सरळ रस्त्यावर हळू पळायची परवानगी मिळालीय.

काल पहाटे निघालो तर माय दारात होती.

"किती पळशीन?"

"दोन किलोमीटर."

"वापस आला की सांग मले. कुठं दुखलं, कुठं नाही, सारं सांग."

सांगितलं. मग मीही तिला विचारलं.