ठिबकची नळी आणि गोल्फ

आधीच सांगून टाकतो, राजुरीत गोल्फ कोर्स नाही. होण्याची शक्यताही नाही. आळेफाट्याजवळचं आमचं गाव कांद्याचं आणि उसाचं. तिथे हिरवळ दिसली की आधी विचारतात, गाईला चालेल का? तरीही यंदाच्या उन्हाळ्यात माझा गोल्फचा फटका थोडाफार सुधारला तो तिथेच, भावाच्या मोकळ्या रानात. नातेवाईक मंडळी फोनवर हसून घेताहेत, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

पंचेचाळिशीनंतर मी पुण्यात गोल्फ शिकायला लागलो. पुण्याला हा खेळ नवा नाही. येरवड्याचा कोर्स जुना आहे, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या पुण्याचा उदयन माने भारतातर्फे खेळला. माझी पातळी अर्थातच वेगळी. माझा चेंडू सरळ निघतो आणि मग काहीतरी आठवल्यासारखा उजवीकडे वळतो. याला स्लाइस म्हणतात. हौशी खेळाडूंमध्ये हा सर्दीइतका सर्वसामान्य आजार आहे.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. चेंडूपासून लक्ष्यापर्यंत एक रेघ आहे असं समजा. क्लब या रेघेच्या पलीकडून येऊन चेंडूला लागला आणि आपल्या पायांकडे ओढला गेला, तर तो 'बाहेरून आत' आला. त्याच क्षणी क्लबचं तोंड त्या वाटेच्या मानाने उजवीकडे उघडं असेल, तर चेंडू तिरकी गिरकी घेतो आणि हवेत उजवीकडे वळतो. पूर्वी शिकवत की चेंडू क्लबच्या वाटेने निघतो. गेल्या वीसेक वर्षांत रडारवर चालणारी यंत्रं आली आणि कळलं, की चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबच्या तोंडाच्या दिशेने. वळतो किती, ते तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकावर. ड्रायव्हरचं तोंड जवळजवळ उभं, म्हणून त्याने मारलेला चेंडू फार वळतो. वेजचं तोंड आडवं झुकलेलं, त्यात हाच दोष झाकला जातो.

आता खरी गंमत. चेंडू उजवीकडे जातोय म्हटल्यावर कोणीही काय करेल? डावीकडे तोंड करून उभा राहील. तसं उभं राहिलं की क्लब आणखी बाहेरून येतो, चेंडू आणखी वळतो, मग माणूस आणखी डावीकडे सरकतो. म्हणजे उपाय हाच आजार वाढवतो. आणि अधूनमधून असा चेंडू मैदानात पडतोही, त्यामुळे ही सोय कायमची होऊन बसते.

कोच म्हणाले, "तुम्ही लाकडं फोडताय." बरोबर होतं. ज्या हातांनी लहानपणी कुऱ्हाड आणि कुदळ चालवली, ते हात जोर म्हटला की खांद्यातूनच काढणार. वरून, समोर, धाडकन. गोल्फला हवी असते ती हालचाल पाण्यावर चपटा दगड टप्पे खात जावा म्हणून फेकताना होते तशी. कोपर अंगाजवळ, हात बाजूने खालून. मला दोन्ही येतं. पण हातात क्लब आला की अंग कुऱ्हाडच निवडतं.

समजावून उपयोग का होत नाही, याचं कारण साधं आहे. क्लब वरून खाली यायला पाव सेकंद लागतो, फार तर थोडा जास्त. तेवढ्यात 'कोपर आत, खांदा मागे' हे म्हणायलाही वेळ नसतो. १९९९ साली गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवशिक्यांना गोल्फचे छोटे फटके शिकवून पाहिले. एका गटाला हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, दुसऱ्याला क्लबच्या झोक्याकडे. दुसरा गट सरावात पुढे राहिला आणि दुसऱ्या दिवशीच्या चाचणीतही. म्हणजे अंगाला उपदेश नको असतो, समोर एखादी वस्तू हवी असते.

तर राजुरीतला सराव असा. कांदा निघून बराखीत गेला होता, रान मोकळं. एक पट्टी पाणी मारून बसवली आणि तिच्यावर फक्कीने रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे, चेंडूपासून चार बोटांवर आणि जरा मागे, बारदानाची गुंडाळी ठेवली. क्लब बाहेरून आला की आधी बारदानाला लागतो. पहिल्या दिवशी बारदानाने भरपूर मार खाल्ला.

मग उजवा पाय वीतभर मागे घेऊन फटके. त्याने खांदे लवकर उघडत नाहीत आणि क्लबला आतून यायला जागा मिळते. मग क्लब वर न्यायचा, हात कमरेपर्यंत आणून थांबायचं, परत वर, परत कमरेपर्यंत, आणि तिसऱ्यांदा मारायचं. बाकी सगळे अर्धे फटके. कमरेपासून कमरेपर्यंत, स्पंजचा चेंडू, निम्माच जोर. चेंडू कुठे गेला ते बघायचंच नाही, बघायचा तो मातीवरचा ओरखडा. आधी तो फक्कीच्या डावीकडे तिरका जायचा. तिसऱ्या आठवड्यात बराचसा रेघेबरोबर जायला लागला. सराव सकाळी ऊन वर आल्यावर आणि दिवस मावळायच्या आत. शेजारी ऊस आहे, आणि जुन्नर तालुक्यात उसात कोण राहतं ते सांगायला नको :)

दिशा कळावी म्हणून पायांसमोर टाकायला काठी हवी होती, तर भावाने ठिबकच्या जुन्या नळीचे दोन तुकडे दिले. ते दुपारी अंगणात लागायचे, दादांसाठी.

दादांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, मग बरीचशी परत आली. पण पाऊल टाकताना गुडघा वाकायचा नाही, चवडा जमिनीला अडकायचा. मग त्यांच्या अंगाने स्वतःच युक्ती काढली. पाय कमरेतून उचलून बाहेरून गोल फिरवत पुढे आणायचा. चालणं सुरू झालं, घरातले सगळे खूश झाले. फिजिओथेरपिस्ट बाई मात्र म्हणाल्या, ही सवय पक्की होऊ देऊ नका. दोन नळ्यांच्या मधून चालायचं, पाय बाहेर गेला की नळीला लागतो. मधे उसाचं टिपरू आडवं, त्यावरून जायचं म्हणजे गुडघा वाकवावाच लागतो. भाऊ किंवा वहिनी कायम शेजारी. दहा फेऱ्या, विश्रांती, पुन्हा दहा.

दादांना मी विचारलं, कंटाळा येत नाही का? म्हणाले, "खोंड तासाला लावताना काय करायचो आपण? पहिल्या दिवशी नांगर देत नव्हतो त्याला. शिकलेल्या बैलाशेजारी मोकळं जू घेऊन नुसतं चालवायचं. मारून शिकवलेला बैल भितो, शिकत नाही."

निक फाल्डोने १९८५ च्या सुमाराला डेव्हिड लेडबेटरकडे आपला स्विंग पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतला. त्यात दोनेक वर्षं गेली. मग १९८७ ची ब्रिटिश ओपन त्याने म्युरफिल्डला जिंकली, शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल पारमध्ये. एवढ्या मोठ्या खेळाडूला दोन वर्षं लागतात, तर आपण तीन आठवड्यांत काय मागायचं?

मला वाटतं, जुनी वाट पुसली जात नाही. तिच्या शेजारी दुसरी पाडता येते, तीही सावकाश, कमी जोराने, रोज थोडी. आणि जुन्या वाटेवर रागावण्यातही अर्थ नाही. कुऱ्हाडीने आमच्या घराला सरपण दिलं, त्या गोल फिरणाऱ्या पायाने दादांना अंथरुणातून उठवलं. घाई झाली की दोघेही पहिल्या वाटेने जातो. मी पूर्ण जोराने मारला की ओरखडा परत डावीकडे. दारात कोणी हाक मारली की दादांचा पाय परत गोल.

पण गेल्या रविवारी दादा काठी घेऊन बराखीपर्यंत जाऊन आले. भाऊ दोन हात मागे होता, त्याने धरलं नाही. गुडघा बहुतेक वेळा वाकत होता. कांदा किती सडलाय ते बघून, भावाला दोन शब्द सुनावून परत आले.

असो. पाऊस झाला की त्या पट्टीत सोयाबीन पडणार, भावाने बजावून ठेवलंय. अंगणातल्या नळ्या मात्र राहतील. मला पुण्यात गच्चीवर दुसऱ्या शोधाव्या लागतील.