अब्बांची गोळी

वाघोलीच्या आमच्या घरी अब्बांना गोळी गिळवत नाही, म्हणून धाकट्या भावाची दुल्हन ती कुटून मधातून देई. तिला तिसरा महिना. एकदा मी पट्टीवरचं नाव वाचलं: फिनास्टेराइड, ५ मिलिग्रॅम. हे कृत्रिम स्टेरॉइड टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हा संप्रेरक बनू देत नाही. त्यामुळे प्रोस्टेटची वाढ आटोक्यात राहते. पण पोटातल्या मुलाचे बाह्य अवयव घडायला तोच डीएचटी लागतो. अख्ख्या गोळीवर आवरण असतं. फुटलेली गोळी किंवा तिची पूड गरोदर बाईने हाताळू नये. आम्ही लगेच तिच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. पुढच्या सोनोग्राफीची वाट पाहतोय. आता गोळी मी देते, अख्खी, दह्याच्या घासाबरोबर. खिदमत सवाबाचीच, पण औषध कुटण्याआधी विचारायला हवं होतं.